आमेन राहून गेलं

पाच दिवसांनी पाणी सुटलं, पहाटे पावणेतीनला.
मी गुडघ्यांवर होते, अर्ध्या प्रार्थनेत.
भाकर मागून झाली होती,
क्षमेपाशी अडले होते,
आणि खरं सांगते, प्रभू,
नळाची खरखर ऐकून बरंच वाटलं.

पिंप भरलं, दोन कळश्या, आंघोळीचा हंडा,
शेजारच्या नरसम्माच्या बादलीत नळी सोडून दिली.
आमेन राहूनच गेलं.

मग कारखान्यात
दिवसभर टॉवेलांचे काठ शिवताना
सुई खाली-वर, खाली-वर,
आणि ते उघडं वाक्य
दोरा न कापलेल्या टॉवेलासारखं
मांडीवर.
दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी. डोळे मिटले
तर समोर धाकटी जाऊ, सलोमी,
सासूबाईंच्या पाटल्या घालून.

संध्याकाळी तिची पोरगी दारात,
"मोठी आई, आमच्या गल्लीला पाणीच आलं नाही."
मी कळशी उचलून दिली.
भरलेली. उंबऱ्यावर थोडी हिंदकळली.

प्रभू, पाटल्यांची क्षमा
अजून तोंडातून निघत नाही.
कळशीपुरतं
आमेन.