फोटो क्रमांक चौदा

खाली आइस हॉकीचं मैदान,
वरच्या सभागृहात आम्ही अडतीस बचाव वकील,
कागदी पेल्यांत कॉफी, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या.
मिनेसोटातला फेब्रुवारी.
मधूनच चकती फळीवर आदळते
आणि कुणीतरी दचकतं. बहुधा मीच.

सकाळचा विषय आग.
ओडेसा प्रुइट, एकतीस वर्षं बंबावर काढलेली बाई,
एक भुवई अर्धीच उरलेली,
खिडकीच्या काचेचा तुकडा चिमट्यात धरून
निळ्या ज्योतीवर तापवते.
काही होत नाही.
आणखी तापवते. तरी नाही.
मग बोटं पाण्यात बुडवून
चार थेंब शिंपडते.

कर्र.
काचभर कोळ्याचं जाळं.

"याला आम्ही पेट्रोलची सही म्हणायचो," ती म्हणते,
"कोर्टात, शपथेवर.
सही निघाली आमच्याच नळीची."

सगळे लिहून घेतात.
मी पेनाचं टोपण काढते, लावते, काढते.
रेइनो कांगासच्या खटल्यातला फोटो क्रमांक चौदा
बारा वर्षं कपाटात आहे, तरी मला पाठ आहे:
लोखंडाच्या खाणींपलीकडे, बर्चच्या झाडीत,
जळून बसलेली सौना, घाम काढायची ती लाकडी खोली,
आणि खिडकीची काच, अशीच, जाळं जाळं.
आत त्याचा थोरला भाऊ होता, आर्वो.
पोलीस आले तेव्हा रेइनो अंगणात बसून
सरपणाचे ओंडके मोजत होता.
एकशे सहा, म्हणाला. एकशे सहा.

सरकारी तज्ज्ञाला मी एकच प्रश्न विचारला,
अनुभव किती वर्षांचा?
सव्वीस, तो म्हणाला.
मी आभार मानले आणि खाली बसले.

जेवणात वाटाण्याचं सूप होतं. मी ब्रेड कुस्करत राहिले.

दुपारी मन.
वेंडेल ऑस्गार्ड नावाचा पोरगेला मानसतज्ज्ञ
आमच्या तिघातिघांच्या जोड्या लावतो
(तिघांची जोडी कशी, हे कुणी विचारत नाही).
एकाने प्रश्न विचारायचे,
दुसऱ्याने कागदाची नळी करून
तिसऱ्याच्या कानात पुटपुटत राहायचं,
काहीही, न थांबता.
तिसरी मी.

"मंगळवारी रात्री नऊ वाजता तुम्ही कुठे होता?"
ते बघतायत सांगू नको दार लाव ते बघतायत
"मॅडम? नऊ वाजता?"
तुझे हात बघ हात लपव नऊ नऊ नऊ
मी समोरच्याच्या ओठांकडे बघते,
शब्द धरू जाते तर मासोळीसारखा निसटतो,
एका साध्या उत्तराने माझ्या कपाळावर घाम आणलाय,
आणि तीन मिनिटांची घंटी वाजते.

समोरचा डुलुथचा वकील, चांगला माणूस,
आपली टिपणं वाचून दाखवतो:
नजर टाळते. उत्तरं तुटक.
दोनदा हसली, कारण नसताना.

मी हसले?
मला आठवत नाही. शपथेवर सांगते, आठवत नाही.

रेइनोला मी दंडाला धरून बजावलं होतं,
ज्यूरीसमोर हसू नकोस, देवासाठी हसू नकोस.
तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा,
आणि हसायचा.
बारा जणांनी पाहिलं. मीही पाहिलं,
आणि मनातल्या मनात तेराव्या खुर्चीत जाऊन बसले.

पाच वाजता प्रमाणपत्र मिळतं:
साडेसहा तास पूर्ण. माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय.
गाडीच्या काचेवर बोटभर बर्फ.
खरवडता खरवडता ठरवते, अपील वगैरे नंतर,
सोमवारी तुरुंगात फोन करायचा, भेटीची वेळ घ्यायची,
आणि आगीचं काही विचारायचं नाही.
विचारायचं, मी बोलत होते तेव्हा
आणखी कोण बोलत होतं, रेइनो?
तो ओंडके मोजू लागला
तर एकशे सहापर्यंत थांबायचं.

तो येईल का भेटायला, तेही माहीत नाही.
बोटं बधिर झाली आहेत. अर्धीच काच साफ झालीये.