पॅरा सातचं मराठी

दस्तूरसाहेब कॅम्पातले, वय ब्याऐंशी,
ऑडिट रिपोर्ट अजून टाइपरायटरवर करतात.
पॅरा सातमध्ये त्यांनी लिहिलं :
टँकरच्या हिशोबात हँकी-पँकी दिसते.
बास. खाली सही, उजवीकडे कललेली.

रिपोर्ट माझ्याकडे आला. सभासदांना मराठीत हवा,
रविवारच्या आत.
"तुम्ही तीस वर्षं कोर्टात भाषांतरं केलीत, मॅडम."

केली. खून, दत्तकविधान, कुळकायदा.
पण हा शब्द टाळ्या पिटत येतो,
जुळ्या पोरांसारखा, एकमेकांच्या पाठीमागं लपत.

कोशात अर्थ दोन.
दुसरा वाचून मी कोश मिटला.
ढमढेऱ्यांवर तेवढा आळ नको,
बायकोच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळता सांभाळता
त्यांना आरशात बघायला फुरसत नाही.

मग पहिला. लबाडी? फार उघडी.
अफरातफर थेट चौकीत नेऊन बसवते.
गौडबंगालाला उदबत्तीचा वास,
आणि चारशेवीस म्हणावं, तर कलमच बदललंय आता.
टोपी घातली म्हटलं
की आपल्याकडे लगेच विचारतात, कुणी?
साहेबांच्या इंग्रजीला कर्ता लागत नाही.

शेवटी वहीत लिहिलं : पाणी कुठंतरी मुरतंय.
आणि एकटीच हसले.
मुरायला ते आलं कुठं होतं?
मे महिन्यातले एकोणीस टँकर
धायरी फाट्यावरून वळलेच नाहीत.
पावत्या तेवढ्या आल्या, कोरड्या ठणठणीत,
आणि धरण इथून हाकेच्या अंतरावर.

त्याच मे महिन्यात
ह्यांना घरी आणलं होतं, शेवटचे अकरा दिवस.
रोज दोन चादरी, कधी तीन.
पहाटे दार उघडावं तर
उंबऱ्याशी दोन बादल्या, काठोकाठ,
वर झाकण म्हणून स्टीलचं ताट.
कुणाच्या, ते मी विचारलं नाही.
ताटावर नाव कोरलेलं होतं : र. ग. ढमढेरे.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या कमी पडल्या.
मी पॅरा सात वाचला :
"टँकरच्या नोंदींत किरकोळ तफावत आढळते."
कुणी मान हलवली, कुणी चहाचं विचारलं.
ढमढेरे फरशीकडे बघत राहिले.

दस्तूरसाहेबांना मराठी
पेठांतल्या पुष्कळांपेक्षा बरं कळतं.
त्यांनी चश्मा काढला, पुसला, परत घातला,
आणि मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात
तोच शब्द पुन्हा म्हणाले.
या खेपेला, माझ्याकडे बघत,
कर्त्यासकट.