हा दगड पितो

नागाळा पार्कातल्या बंगल्यात
मी जमिनीला पॉलिश मारत होतो
आणि आप्पा आले. डबा विसरला होता मी.

पायताण दारातच काढलं त्यांनी.
टोपच्या खणीत पस्तीस वर्षं सुतकी मारलेला माणूस,
वडाराचा तिमाण्णा,
संगमरवरावर पाय टाकताना
शेवाळलेल्या ओढ्यात उतरावं
तसा उतरला.

सुरुंगांनी कान नेलेत त्यांचे.
वाकून लादीवर बोटाचं पेर आपटलं,
मग पालथा तळवा ठेवला, थांबले.
"ही आतनं तडकल्याली हाय."
रामधन हसायचा थांबला.
तड भरूनच आली होती ती गाडीतनं,
मालकाला सांगितलं नव्हतं कुणी.

रामधन मकराण्याचा. त्याची हिंदी आप्पांना कळत नाही,
तशी ऐकूही येत नाही.
त्यानं पांढऱ्या गाळात बोटानं खड्डा काढला,
खोल, अजून खोल, वर क्रेन,
आणि आडवी एक दोरी.
दोरीत हिऱ्याचे मणी. पाणी सोडत सोडत
डोंगर कापायचा.

"दोरीनं?" आप्पा म्हणाले. "दगुड?"
आणि साबणाची वडी कापल्यासारखी बोटं हलवून
इतके हसले की खोकला लागला,
तो जुना, क्रशरचा.

दोरी तुटते कधीकधी.
रामधनचा हात गळ्यावरून गेला.
भाई, म्हणाला.
एवढं कळायला कान लागत नाहीत.
आप्पांनी डावा पंजा पुढं केला,
करंगळी नसलेला.
कुणी काही बोललं नाही, मशीन तेवढं गरम होऊन वास मारत होतं.

मग चहा आला.
एक थेंब सांडला तशी रामधननं फडक्यासकट झेप घेतली.
मी आप्पांच्या कानाशी ओरडलो,
हा दगड पितो! डाग जात नाही!

आप्पा कप धरून बघत राहिले.
"आमचा काळा काय बी पीत न्हवता.
घाम म्हन, पानी म्हन.
नागव्वा पडली तवा सांजंला पाऊस झाला
आनि सकाळच्याला जागा घावंना."

नागव्वा माझी थोरली आत्या.
तापानं गेली, असं मला सांगितलेलं.

जाताना एक कपची खिशात घातली त्यांनी,
मालकाला न विचारता.

परवा बघितलं, न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवलीय.
रोज सकाळी बशीतला उरलेला चहा
तिच्यावर ओततात.
पिवळी पडत चाललीय.
"पितोय की," म्हणतात,
आणि पुन्हा थोडा ओततात.