पोच

येऊरच्या शाळेत शिबिर भरलं तेव्हा
आमच्या टेबलाला चाळीस दाव्यांचं उद्दिष्ट होतं.
वरून हुकूम स्पष्ट : एकही वंचित राहता कामा नये.
मी मनापासून आलो होतो, हे आधीच सांगतो.
स्टॅम्पपॅडसुद्धा पदरच्या पैशानं नवं आणलं होतं.

अकरावा नंबर, बारकी रावजी सांबर.
जमातीचा दाखला आहे. नकाशा आहे.
कसते ती जागा बावीस गुंठे : नाचणी, वरई, कडेनं वाल.
पुरावे दोन लागतात, दोन हजार पाचच्या आधीचे.
एक होता, म्हाताऱ्या काकाचा जबाब.
दुसरा म्हणून तिनं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी
धप्पकन टेबलावर ठेवलं.
माझा जेवणाचा डबा हलला.

प्लास्टरचा ठोकळा. एक कोपरा उडालेला.
बिबळे मोजायला आलेल्या गार्डानं
ओढ्याकाठच्या चिखलात ओतलेला,
पाठीवर खिळ्यानं कोरलेलं : १७/५/०१.
त्याला नुसता पंजा हवा होता.
शेजारी माणसाची पाच बोटं आली, म्हणून टाकून दिला.
बारकीनं उचलला
आणि बावीस वर्षं कणगीच्या झाकणावर ठेवला,
उंदीर शिरू नयेत म्हणून.

मी म्हटलं, पाय काय, कुणाचाही असेल.
ती खाली बसली, चप्पल काढली,
तळवा ठोकळ्याशेजारी धरला.
जुळला नाही. पाऊल पसरलंय, अंगठा वाकलाय.
रांगेत कुणीतरी हसलं.
"तेव्हा हा पोटात होता,"
मागं उभ्या मिशाळ पोराकडं तिनं मान उडवली,
"डोक्यावर दोन हंडे. टाच बघा किती वर आलीय,
म्हणजे मातीत तेवढी रुतलेली."

मग टाचेच्या काठावरून नख फिरवलं.
तिथं पंजाची गादी चढली होती,
टाच जराशी मोडून.
"पाय आधी," ती म्हणाली. "वाघ नंतर."

नमुन्यात 'इतर' अशी एक ओळ असते, नखाएवढी.
तिच्यात काय लिहिलं ते सांगत नाही,
निर्णय समितीचा आहे
आणि समितीची तारीख अजून पडायची आहे.
पण पोच मागितल्याशिवाय ती उठेना.
मी लिहिलं : दगड, नग एक.
पोरानं वाचून दाखवलं.

"दगड नाय. खोडा."
खोडलं. नव्या पॅडची शाई पसरली कागदभर.
"लिवा, पाऊल, उजवं," तिनं सांगितलं,
थांबली, ठोकळ्याचा उडालेला कोपरा चाचपला,
"आणि वाघ, अर्धा."