कोठवाव स्टेशनची मोजदाद

मला बडोद्याहून पाठवलं होतं मोजायला,
स्टेशन बंद झाल्यावर चार महिन्यांनी.
तीन प्रती, दोन कार्बन, सोबत कुणी नाही.
डभोईपासून जीप, पुढं तुरीतून पायवाट.
रूळ उपटून नेलेले. खडीतून एरंड वर आलेला.

इथं पहिल्यांदा बैल ओढायचे म्हणे डबे.
मग वाफेचं इंजिन, एवढं सावकाश
की लोक उतरून दातण तोडून परत चढत.
मग डिझेल. मग आठवड्यातून तीनदा.
मग "पुढील सूचनेपर्यंत".
पुढील सूचना माझ्या पिशवीत होती.

हातकंदील दोन : एक मिळाला, काच नाही.
बाक, सागवानी : एक. त्यावर शेळी.
घंटा : नाही. घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा : तोही नाही.
वजनकाटा, पार्सलचा : एक.

पार्सलबुकात आधी कपाशी, अठरा गासड्या, वीस,
मग आंब्याच्या करंड्या, मग नुसत्या तारखा.
आणि मग दुर्वे मास्तरांचं रावपुऱ्यातलं वळणदार अक्षर :
नग एक. वर्णन : मुलगी. वजन २ किलो ७००.
पाठवणार : रायसिंग तडवी, पॉइंट्समन.
घेणार : रेघ.
दर : माफ.

महिन्यानं, नग तोच, ३ किलो ४००.
पानंच्या पानं अशी. अख्खा गाव.
एका ठिकाणी नग एक, १ किलो ६००.
नग तोच, १ किलो ५००.
पुढची चार पानं मी उलटून पाहिली.

दारात एक बाई उभी होती, कडेला फडक्यात मूल.
माझ्याकडं न बघता तिनं ते काट्यावर ठेवलं,
वजन सरकवलं, दांडी स्थिर होईतो श्वास धरला.
"पाव किलो कमी बोले छे," म्हणाली,
"अमे उमेरी लईए."
मग माझ्या कागदांकडं बघून :
"काटो लई जशो?"

रकाने तीनच होते. चालू, भंगार, गहाळ.
चालू म्हटलं तर डभोईचं गोदाम.
भंगार म्हटलं तर लिलाव.
बावीस वर्षांच्या नोकरीत मी
एक टाचणीसुद्धा जास्त दाखवली नव्हती.

कागद ठेवायला दुसरी सपाट जागा नव्हती,
म्हणून काट्याच्याच पाट्यावर ठेवून लिहिलं : गहाळ.
जोर देऊन, तिसऱ्या प्रतीपर्यंत उमटेल असं.

जीप पाचला यायची होती.
शेळीनं बाकावर थोडी जागा दिली.