अक्षरी

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. दुपारचे साडेतीन.
पत्र्याखाली पंखा फिरतो, वारा तेवढा लागत नाही.
हॅम्बुर्गला टॉवेलचे दर पाठवून दोन तास झाले,
आणि उत्तर आलं एका ओळीचं :
दोन पूर्णांक चाळीस... काय?

मी टाकलेला युरो
वाटेत कुठेतरी प्रश्नचिन्ह झाला होता.
? २.४०
जणू विणून, धुऊन, घड्या घालून झाल्यावर
आम्हीच गिऱ्हाईकाला विचारतोय,
एवढे मागू का?

खाली, ट्रकभाड्याच्या ओळीत, रुपयाच्या जागी
नुसता चौकोन.
डबा उघडावा
आणि भाकरी घरीच राहिलेली असावी, तसा.

फॉन्ट बदलला. युनिकोड केलं.
कंट्रोल, ऑल्ट, चार, पुन्हा चार.
स्वतःलाच मेल पाठवून पाहिला : नीट दिसतोय.
माझ्याकडे सगळं नेहमी नीटच दिसतं.

म्याकलमामा खतावणीतून मान वर न करता म्हणाले,
"अक्षरी लिही की अम्मा.
चेकवर काय करतो आपण?
चिन्ह वाटेत सांडतं. अक्षर पोचतं."

मग लिहिलं, साध्या रोमन अक्षरांत,
युरो दोन, सेंट चाळीस.
सवयीने पुढे 'फक्त' पडलं.
ते मात्र खोडलं.

पाच वाजता, मागांची पाळी बदलताना, हॅम्बुर्ग बोललं :
कळलं. दोन तीसला जमेल का?

या खेपेचं प्रश्नचिन्ह
त्याचंच होतं.