लांडगा पंचम

मी शास्त्रज्ञ नाही. चाळीस वर्षं पियानो लावतोय
वेल्सच्या या ओल्या किनाऱ्यावर:
चॅपलांचे, शाळांचे, एका दातांच्या डॉक्टरचा.
पण पेपर मागच्या पानापासून वाचतो,
हवामान, मग मयत, मग शोध,
आणि न कळलेलं कात्रण बॅगेत ठेवतो, किल्लीखाली.
दूरच्या कुठल्या ताऱ्याभोवती म्हणे वाफ सापडली.
कशी मोजली, ते कुणी लिहीत नाही.
ग्वेनिथ होती तेव्हा म्हणायची,
एम्लिन, तुला उत्तर नकोच असतं रे,
तुला मोजपट्टी बघायची असते.

तर गुरुवारी चॅपलच्या हॉलमध्ये पोलिसांची सभा.
चहा पातळ, बिस्किटं सादळलेली.
इन्स्पेक्टर प्रॉसर, बाई सरळ, बूट भिजलेले.
पडद्यावर चेहरे, चेहऱ्यांभोवती हिरव्या चौकटी.
म्हणाल्या, यंत्र हजारात एकदाच चुकतं.
माना डोलल्या. मासेवाला ह्यू तर टाळ्या वाजवायच्या बेतात;
त्याची काच दोनदा फुटलीय, त्याला काय बोलणार.

मी बेकरीच्या बिलामागे हिशेब मांडला.
शनिवारचा बाजार, वीस हजार माणसं.
हजारात एक, म्हणजे वीस.
वीस जण, काही न केलेले,
पावाच्या वासात खिसे उलटे करून उभे.
आणि खरे चोर? असतील दोन,
तेही टोपी ओढून.

हात वर केला. बाई, चूक केवढी ते कळलं.
ती पडते कुणावर?

हसू नका, माझा धंदाच चुकीचा आहे.
शुद्ध पंचम लावत जा, एकापुढे एक, बारा;
सुरुवातीच्या सुरावर परत येतच नाही तुम्ही,
केसभर पुढे निघून जाता.
तो केस तारेत नाही, माझ्या कानात नाही,
आकड्यांतच आहे, मुळात.
काढता येत नाही. वाटता येतो.
म्हणून मी प्रत्येक पंचम चिमूटभर खोटा करतो,
बाराही सारखे,
मग कुणाच्याच कानाला टोचत नाही.

जुने लोक असं करत नसत.
अकरा पंचम मधासारखे ठेवायचे
आणि उरलेली सगळी चूक बाराव्याच्या गळ्यात.
तो विव्हळायचा.
त्याला नाव दिलं लांडगा,
आणि पोरांना शिकवलं, त्या बाजूला जायचं नाही.

लिबान माझी बॅग उचलतो. सतरा वर्षांचा,
गोदीमागच्या गल्लीतला;
पणजोबा सोमाली, कोळशाच्या बोटीवर भट्टी सांभाळायला आलेले.
कान माझ्याहून तिखट.
दोन तारांमधली थरथर श्वास रोखून मोजतो
आणि बोट वर करतो: आता.
या उन्हाळ्यात व्हॅनने त्याला तीनदा ओळखलं,
तीनदा दुसराच कुणी म्हणून.
तिसऱ्यांदा कुणी सांगायच्या आत त्यानेच बॅग उघडली.
शिपायाने विचारलं, ही किल्ली कुठल्या दाराची?

प्रॉसरबाईंनी प्रश्न लिहून घेतला.
खरंच लिहिला, पेन चालताना मी पाहिलं.
म्हणाल्या, अशी फोड आमच्याकडे नाही, बघते.
पाच आठवडे झाले.
मी त्यांना वाईट म्हणणार नाही.
फक्त ते ताऱ्याचं कात्रण काढून पुन्हा वाचलं,
आणि घडी घालून ठेवलं.

आज शनिवार. व्हॅन बेकरीसमोरच.
चॅपलचा पियानो ओलीने उतरलाय, नऊला पोचायचंय.
लिबान बॅग या हातातून त्या हातात घेतो, उगाच.
मी काही बोलत नाही.
चालतो त्याच्या डावीकडून, कॅमेऱ्याच्या बाजूने,
टोपी काढून,
नीट दिसेन असा.